भूक नाही म्हणणारी माणसं

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या ह्यांनी मऊ भाताचं ताट दोन घासांतच बाजूला सारलं. आतड्याच्या ऑपरेशननंतर ह्यांच्या पोटाला शौचाची पिशवी लावलेली आहे, ती मीच रिकामी करते. "भूक नाही," म्हणाले, आणि मला एकदम बाबा आठवले.

सत्तरच्या दशकात आमच्या गावी, वाटूरला, बाबांचंही असंच ऑपरेशन झालं होतं. आमच्याकडे तेव्हा अशा पिशव्या कुठल्या? आई जुन्या धोतराच्या घड्या पोटावर बांधायची आणि धुवायची. बाबा नीट जेवत नव्हते, खंगत चालले होते. मी शहरात कॉन्व्हेंटात शिकलेली. जेवताना असल्या गोष्टींचं नावही काढायचं नाही, अशी तिथली शिस्त. आईनं मात्र भर जेवणात विचारलं, "मला धुवावं लागतं म्हून खाईनात ना तुम्ही?"

बाबा ताटातला घास नुसता चिवडत राहिले.

"मंग ऐका. घडी कोरडी निघाली की माझा जीव घाबरा होतो. भरली की वाटतं, पोट बराबर चालून राह्यलं, माणूस वाचला. आता जेवा जल्दी."

आज मी ह्यांना आईचे तेच शब्द ऐकवले. हे ताट पुढे ओढून म्हणाले, "वरण आहे का अजून थोडं?"

तुमच्याही घरात कुणी असं अर्धपोटी उठतं का, तुम्हाला त्रास नको म्हणून?