अँटेनावरचा तांब्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत तीस वर्षं वायरमन होतो. त्यामुळं वायरीतलं कळतं आणि कानानं कमी ऐकू येतं, दोन्ही तिथलंच. आमची ही म्हणायची, "तुमास्नी हाक मारायची म्हंजे घरात भोंगाच बशिवला पायजे." ती दोन-तीनदा वरडायची, मग मी ओ द्यायचो. आता घरात कुणी वरडत नाही. टीव्ही मोठा लावतो, पण टीव्ही काय जेवायला बोलवत नाही.

ती मागच्या मोठ्या पुरात गेली. कुरुंदवाडात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तसं आम्ही दोघं माळवदावर जाऊन बसलो. दुपारी तिच्या छातीत कळ आली. मोबाईलचा टॉवर बंद पडलेला. मी तोच तोच नंबर दाबत बसलो. माणसं काढणारी होडी दोन गल्ल्या पलीकडनं दोनदा गेली. मला मोटारीचा आवाज ऐकू आला, म्हणजे किती जवळ असेल बघा. पण आमची हाक तिकडं पोचली नाही. होडी आली ती दिवस मावळताना. आठव्या दिवशी दवाखान्यात ती गेली. होडीवाल्याची चूक नव्हती हे मला कळतं. पण होडी त्याची होती.

होडीवाला माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच पाटावर बसायचा. त्याच्यावर मी जळतो. त्याची बायको जित्ती आहे, एवढंच कारण. त्याच्या संसाराची घडी नीट, त्याच्या सदऱ्याला बटणं असतात, वेळेवर जेवतो, असली बाकीची कारणं मी मागनं गोळा केली.

यंदा पावसाळ्याआधी गावातल्या पोरांच्या मंडळानं ठरवलं की होडीवर वायरलेस पाहिजे. त्यातल्या एकाचा पावणा रत्नागिरीला मासेमारीच्या होड्यांवर हे काम करतो. त्यानं दोन सेट पाठवले, समुद्रातल्या होड्यांवर असतात तसले. पुराच्या कामासाठी म्हणून परवानगीचा कागदही आणला पोरांनी. एक सेट होडीवर आणि दुसरा होडीवाल्याच्या घरात, कारण त्याचं घर उंचावर, तिथं पाणी येत नाही. म्हणजे घरातल्या सेटपाशी बसणार कोण? त्याची बायको.

आणि बसवणार कोण? तर मी. तारांच्या सांध्याला कथलाचा डाग द्यायला गावात दुसऱ्या कुणाला माझ्यासारखं येत नाही.

होडीवाला स्वतः सांगायला आला. "मर्दा, तुज्याबिगर हुणार न्हाय."

"का? वायरमन मेलेत व्हय गावातले?"

"हायत की. पर त्येंच्या हातात माझा जीव द्यायचा न्हाय मला."

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि गेलो.

सोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत. मी चित्रं बघितली आणि रत्नागिरीवाल्याला फोन केला. त्यानं शांतपणे सांगितलं. तांबडी वायर थेट बॅटरीवर घ्या आणि मधे फ्यूज टाका. केबलला सेटजवळ खाली झोळ द्या, म्हणजे पाणी आत न जाता झोळातनं गळून जाईल. अँटेना जितकी उंच तितका आवाज लांब. तिच्या टोकाला, अंगाला कसलाही धातू लावू देऊ नका, मोकळी उभी पाहिजे. आणि अँटेना बिघडलेली असताना बटण दाबून बोलत बसू नका, आतला भाग जळतो. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

दोन दिवस लागले. प्लग जोडताना केबलच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी सगळं मुकं. म्हणून चष्म्यावर भिंग धरून एकेक केस मागं वळवला. माझ्या मनात काही असो, काम मी खोटं केलं नाही. होडीच्या मागच्या अंगाला पाईप उभा केला, त्यावर ती पांढरी काठी, माझ्या छातीएवढी. त्याच्या घराच्या पत्र्यावर दुसरी.

मग चाचणी. होडी घाटाला बांधलेली, होडीवाला आणि मी आत बसलेलो. त्यानं बटण दाबलं. "आगं ऐकतीस का? ओव्हर."

डब्यातनं तिचा आवाज आला, स्वच्छ, माझ्या बहिऱ्या कानाला सुद्धा. "ऐकालोय की. वरडताय कशाला एवढं? आणि जाताना गोळी घेतली न्हाईसा, तशीच हाय हितं. ओव्हर."

घाटावरची पोरं हसली. होडीवाला लाजला, पण त्याचं तोंड असं फुललं की मला बघवेना. मी वाकून फ्यूज बघायचं नाटक केलं. नदीच्या मधोमध असला तरी ह्या माणसाला आता बायको हाक मारणार, आणि त्याची सोय मी माझ्या हातानं करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको घाटावर पूजेला आली. मला वैनी लागते. कृष्णामाईची खणानारळानं ओटी भरली, मोटारीला हळदीकुंकू लावलं. माझ्या पकडीला आणि टेस्टरलाही बोट लावलं. खंडेनवमीला आमची ही माझी हत्यारं पाटावर मांडून असंच करायची. गेल्या खंडेनवमीला हत्यारं पिशवीतच राहिली. माझ्या हत्याराला दुसऱ्याच्या बायकोचं कुंकू लागलं आणि मला राग आला. राग कुणाचा, ते विचारू नका.

मग तिनं पिशवीतनं खण आणि तांब्याचा तांब्या काढला. "काठी कशी गुढीवाणी हाय बघा," म्हणाली. मंडळाच्या एका पोरानं होडीवर चढून काठीला खण गुंडाळला, लिंबाचा डहाळा बांधला आणि वर तांब्या पालथा घातला. त्यावर सुतळीचे चार वेढे.

"दिस मावळंपातूर कुणी हलवायचा न्हाय," ती म्हणाली.

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. माझ्या तोंडाशी आलं होतं, वैनी, धातू चालत न्हाय. मी ते गिळलं. पूजेत खोडा कशाला, असं मनाला सांगितलं. खरं कारण तसलं नव्हतं.

वरच्या अंगाला पाऊस लागून राहिलेला, तासाभरात पाणी चढायला लागलं. पलीकडच्या मळ्यात दोन म्हातारी माणसं होती, त्यांना आणायला होडी गेली. मोबाईल भिजतो म्हणून होडीवाल्यानं तो घरीच ठेवलेला. आता वायरलेस आहे की, म्हणाला.

मी त्याच्या सोप्यात सेटपाशी बसलो होतो. वैनीनं बटण दाबलं. "अवो, पोचलासा का? ओव्हर."

नुसती खरखर. मधेच एक तुटका शब्द आला, कुणाचा ते कळलं नाही. तिनं परत दाबलं, आणि परत.

"भावजी, बंद पडलं का वो?"

"बघू," मी म्हटलं.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. हिलाही जरा कळू दे. ती दारात जाऊन नदीकडं बघून आली. हातातला माईक पदरानं पुसला, पुन्हा दाबला, पुन्हा "अवो" म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं आसंल. मला अडाणीला द्यायलाच नगं होतं ह्ये."

आणि परत तेच बटण. तिचा अंगठा पांढरा पडला होता. माळवदावर माझाही पडला होता, त्या मोबाईलवर.

त्यातच आठवलं की तिकडं तोही बटण दाबत असणार, आणि सेट जळेल. मी उठलो. सायकल काढली आणि पुलावर आलो. छाती भात्यासारखी चाललेली. होडी पुलाच्या वरच्या अंगाला परत येताना दिसली. दोन म्हातारी छत्रीखाली बसलेली, आणि काठीवर तांब्या चमकत होता.

मी कठड्याला पोट लावून बोंब ठोकली. "आरं ये! तांब्या काढ!"

"काय?"

"तांब्या! त्यो तांब्या काढ काठीवरचा!"

"खुळा हाईस व्हय? तिनं घाटलाय. मावळंपातूर हलवायचा न्हाय म्हणालीया!"

"मग बोल की तिच्यासंगं! येतंय का बोलाय?"

"न्हाय येत! तुजाच डाग सुटलाय!"

"माझा डाग तू मरंपातूर सुटायचा न्हाय! काढ म्हणतो न्हवं!"

होडीतली म्हातारी हात नाचवत त्याला म्हणाली, "काढ की रं बाबा, त्यो म्हातारा पडंल तिथनं." तेव्हा त्यानं मोटार बारीक केली, सुतळी तोडली आणि तांब्या कपाळाला लावून त्या म्हातारीच्या मांडीवर दिला. खणही सोडला. मग बसून माईक उचलला. तो काय बोलला ते मला पुलावर ऐकू आलं नाही, पण हसलेला दिसला.

मी परत आलो तेव्हा वैनी सेटपाशी डोळे पुसत होती आणि त्याला शिव्या देत होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"वैनी, मला ठावं होतं."

"काय?"

"तांब्या चालत न्हाय ते. घालतानाच ठावं होतं. बोललो न्हाय."

"सकाळपासनं?"

"व्हय."

"आणि मी हितं जीव टाकालतो तवा बी?"

"तवा बी."

तिनं का म्हणून विचारलं नाही.  चुलीवर काहीतरी करपल्याचा वास आला, तरी हलली नाही. वाटलं, आता ह्या घरात आपलं पाऊल बंद.

"बसा हितं," ती म्हणाली. "सगळा पावसाळा. रोज. मला भाकऱ्या सोडून ह्या डबड्यापाशी बसाय जमायचं न्हाय. आणि जेवायचं बी हितंच. न्हाय म्हणायचं न्हाय."

"वैनी..."

"बसा म्हणालो न्हवं!"

केवढ्यांदा वरडली. मी बसलो. ती आत गेली.

खरखर झाली आणि तो बोलला, आवाज असा मऊ की तो मुळात माझ्यासाठी नव्हताच. "आगं, आलोच बघ घाटाला. च्या टाक. ओव्हर."

मी बटण दाबलं. "आत हाय ती. मी हाय हितं. किती माणसांचा टाकू म्हणून सांगू? ओव्हर."

डबा खरखरला. मग म्हणाला, "चार. तुजा धरून पाच."