खाटेच्या पायथ्याचं कार्ड

ईशा, निहार,

आजोबा झोपेत गेले, असं तुमच्या बाबाने तुम्हाला फोनवर सांगितलं. ती झोप नव्हती. त्यांच्या रक्तातली साखर उतरत होती आणि मी शेजारी बसून त्यांना वारा घालत होते. हे आता लिहिते आहे, कारण परवा त्या हॉस्पिटलचे मालक-डॉक्टर आपल्या बोरिवलीच्या घरी एक कागद सही करायला घेऊन आले होते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायला देते, कारण नुसतं पत्र पाठवलं तर बाबा वाचून दाखवताना ओळी गाळेल; छापलेलं दुसऱ्या कुणाकडूनही वाचून घेता येईल.

आजोबांना तुम्ही सुट्टीपुरतेच ओळखता. विजेच्या मीटरचे आकडे टिपत ते नोकरीभर या उपनगरातले जिने चढले. कुणीही चहा विचारला की यांचं ठरलेलं, ‘हो हो, चालेल.’ एकदा शिंप्याने दुसऱ्याच कुणाची पँट यांना दिली, तर ती दोन वर्षं पट्टा आवळून घातली. “अहो, परत का नाही केलीत?” तर म्हणे, “त्याला वाईट वाटलं असतं गं.” मी जन्मभर या स्वभावावर चिडत आले. अजून चिडते…

हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. हॉस्पिटल दोन गल्ल्या सोडून, अकरा खाटांचं. भरती करताना मी विचारलं, “मनगटाला नावाची पट्टी नाही बांधत?” डॉक्टर हसले. “आजी, आपलं घरगुती हॉस्पिटल आहे. आम्ही सगळ्यांना तोंडाने ओळखतो.”

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांना खिडकीची खाट हवीशी झाली, बाहेर बदामाचं झाड होतं. तिथल्या मेहताभाईंना मधुमेह, त्यांना बाथरूमजवळची खाट सोयीची. मी सिस्टर फिलोमिनाला विचारलं. मढहून येणारी, तिशीची मुलगी, त्या पाळीला मजल्यावर एकटी. ती घाईत म्हणाली, “करा ना आजी, दोन पावलांचं तर काम.” मी चादरी, उशा, टॉवेल, चपला, सगळं नीट इकडचं तिकडे केलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आजोबांच्या प्रत्येक वस्तूवर पांढरी चिकटपट्टी लावून मी नाव लिहिलं होतं. खाटांच्या पायथ्याशी अडकवलेल्या, पेशंटचं नाव नि औषधं लिहिलेल्या कार्डांना मात्र हात लावला नाही. ती हॉस्पिटलची, आपण कशाला छेडायची!

दुपारी फिलोमिना ट्रे घेऊन आली. तिने कार्ड वाचलं. “काका, जेवणाआधीचं इंजेक्शन.” आजोबांनी बाही वर केली. “हो हो, चालेल.” ते मेहताभाईंचं इन्सुलिन होतं. आजोबांनी दोन चमचे पेज घेऊन वाटी सरकवली आणि डोळे मिटले. त्यांना घाम आला, तो मी पुसला. किती दिवसांनी शांत झोपलेत, म्हणून पडदाही ओढला. चार वाजता हाका मारल्या तेव्हा ते उठले नाहीत. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिसऱ्या दिवशी गेले.

पोलिसांत तक्रार दिली. तिथले साहेब म्हणाले, सरकारी डॉक्टरांच्या समितीचं मत आल्याशिवाय डॉक्टरवर गुन्हा नोंदवता येत नाही. “आणि नर्सवर?” यावर त्यांनी फिलोमिनाचं नाव लिहून घेतलं.

परवा आणलेला कागद इंग्रजीत होता. म्हातारी वाचणार नाही, असं वाटलं असावं. नातेवाइकांनी न विचारता खाटा बदलल्या, चूक एकट्या नर्सची, डॉक्टरांविरुद्धची तक्रार मी मागे घेते, असा मजकूर.

“आजी, अपघात कुणाच्या हातून होत नाही?” डॉक्टर म्हणाले.

“पट्टी का नव्हती?”

“सांगितलं ना, आम्ही सगळ्यांना ओळखतो.”

“मग यांना का नाही ओळखलंत?”

मी ‘न विचारता’वर काट मारली, इंग्रजीच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही न करता कागद त्यांच्या हातात ठेवला. चहा विचारला नाही.

फिलोमिनालाही विचारला नव्हता. ती तेराव्यानंतर आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, “आजी, मी कार्ड बघितलं, तोंड बघितलंच नाही गं…” मी दार लावून घेतलं. मी तिला क्षमा केलेली नाही. पण अकरा खाटांवर एकटीला जुंपणारा माणूस हात झटकून मोकळा होणार आणि तुरुंगात ही जाणार, हे मी होऊ देणार नाही. खाटा तिला विचारून बदलल्या, मजल्यावर ती एकटीच होती आणि कार्डं मी तशीच ठेवली, हे तिन्ही मी जबाबात लिहून दिलं आहे. त्यातलं शेवटचं गाळा, असं वकील म्हणाले. तुमचा बाबाही म्हणाला, “आई, स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतेस?” मी गाळलं नाही. खोटा कागद मी परत केला, तसलाच स्वतः कसा लिहू?

हॉस्पिटलातून आणलेली पिशवी मी अजून रिकामी केलेली नाही. टॉवेल, चपला, पाण्याची बाटली. प्रत्येक वस्तूवर माझ्या अक्षरात ‘वसंत सामंत’ लिहिलेलं आहे. नाव नव्हतं ते फक्त त्यांच्या अंगावर. चिकटपट्टी कडेने सुटत चालली आहे. नाव अजून वाचता येतं.