शिमग्याची जोडून सुट्टी

आमच्या शेजारचा पोरगा मुंबईत कंपनीत कामाला आहे. नवं कॅलेंडर मिळालं की तो आधी रविवार तपासतो. सण रविवारी आला की देवालाच शिव्या घालतो. "काकी, गुरुवारी सुट्टी हाय, शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस आपले!" हे सांगताना उड्याच मारतो.

यंदा शिमग्याला त्याने अशीच सुट्टी जोडली. पण गावकीने त्याच्या घरी गावच्या देवाची पालखी न्यायचा दिवस ठरवला, तो नेमका रजा संपल्यानंतरचा. मी म्हटलं, "देव तुझं कॅलेंडर बघून येत न्हाय."

त्याने तिथेच साहेबाला फोन लावला. "साहेब, आता रजा वाढवून द्या, हवं तर माझी दिवाळीची रजा कापा!"

त्याच्या अंगणात पालखी आली तेव्हा पहिला खांदा त्याचाच होता. पालखी खांद्यावर घेऊन असा नाचला की मी ओरडले, "मेल्या, हळू! देव पडंल!"