मागावरची गाठ

नव्या साडीच्या खळीचा वास आला की अजूनही माझी बोटं शिवशिवतात आणि विद्यापीठातली समुपदेशनाची ती खोली आठवते. पीएचडीचं लिखाण अडलं होतं, झोप उडाली होती. तिथला सगळा कारभार कन्नडात, म्हणून काय सांगायचं ते वाटभर कन्नडात घोकलं होतं, पण समुपदेशक बाईंसमोर तोंडच उघडेना. ओढणीचे दोरे उपसून मी नुसत्या गाठी मारत बसले.

बाई मराठीत म्हणाल्या, "ही मागावरची गाठ, तुटला धागा जोडायची. विणकरांच्या वडगावची काय गं तू?"

"व्हय."

"माग बंद पडला की घरात कसं वाटतंय?"

"लई भ्या वाटतंय. आता पुढं काय, असं."

परतताना मी चिडले होते. दुखणं सांगायला गेले आणि मागाच्या गप्पा मारून आले. आता वाटतं, दुखण्याशिवाय मी दुसरं काही बोललेच नव्हते.