शिरपा मिस्त्रीचं तीर्थ

शिरपा मिस्त्री ॲसिडला तीर्थ म्हणायचा. नव्वदच्या दशकात कागलच्या एमआयडीसीत, मुलामा देण्याच्या एका कारखान्यात मी देखभालीचं काम पाहत असे. रसायनं सांडून आमचा कोबा डागाळायचा, पोखरायचा, आणि मग शिरपाला बोलवावं लागे. त्याच्यासारखी दुरुस्ती दुसऱ्या कुणाची टिकत नसे, आणि हे त्याला नको इतकं ठाऊक होतं.

डागावर थोडं तीर्थ ओतून तो उकिडवा बसे. फसफसलं की म्हणे, "जित्तं हाय, ऱ्हाऊ द्या." नुसतं भिजून गप राहिलं की, "मेलंय. खणा." तेवढं छिन्नीनं काढायचं, धुवायचं, नवं भरायचं. माणसांनाही तो असाच तपासायचा. नव्या गड्याच्या हातावर थेंब टाकून तो किती उडतो हे बघणं, ही त्याची करमणूक. कुणी हातमोजे मागितले तर म्हणे, "देवानं दोन हात दिल्यात की!"

थोरला भाऊ वारल्यावर त्याची भावजय शांताक्का पोरींच्या पोटासाठी कामावर आली. पहिल्याच सकाळी ॲसिडचा मग पुढं करून हा म्हणाला, "वैनी, तीर्थ घ्या." बाई देवभोळी. तिनं पदर सावरून उजवा तळवा पुढं केला, ओठाला लावला आणि सवयीनं ओली बोटं डोळ्यांवरून फिरवली. आम्ही पाण्याच्या बादल्या ओतल्या, पण डावा डोळा गेला तो गेलाच. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. शिरपा माझ्याकडं बघून हसला.

"फसफसली न्हाय, सायेब. मेलेलं काँक्रीट."

उरलेला मग त्याच्याच तोंडावर फेकावा असं मला वाटलं. शांताक्का मात्र जखमा सुकल्यावर परत आली. एकडोळ्या बाईला दुसरीकडं कोण कामावर घेणार? ती वर्षानुवर्षं त्याच्याच हाताखाली खणत राहिली.

पुढं त्या वाफांनी शिरपाची छाती निकामी झाली. बायको केव्हाच सोडून गेली होती, करायला शांताक्काच. मी भेटायला गेलो तेव्हा तो "पाणी, पाणी" करत होता. तिनं देवळातून आणलेली वाटी उचलली, पळी भरली.

"भावजी, तीर्थ घ्या."

तो दचकला. "काय घातलंयस त्यात?"

"तुळशीचं पाणी हाय की वो."

त्यानं दात आवळले. पाणी गळ्यावरून उशीवर सांडलं, आणि ते फसफसतंय का, हे तो मान वळवून बघत राहिला. तिनं स्वतः तळव्यावर घेऊन पिऊन दाखवलं, बोटं डोळ्यांवरून फिरवली. "बगा, काय झालं का मला?" तरी त्यानं तोंड उघडलं नाही. दुपारभर ती पळी धरून बसली होती.

संध्याकाळी जीव गेला आणि जबडा सैल पडला. तेव्हा तिनं ते तीर्थ त्याच्या तोंडात घातलं.