उल्कानचा पांढरा बुरणूस

आमच्या प्रार्थनेच्या बैठकीत ही गोष्ट सांगून झाली की सगळे "हालेलूया" म्हणतात. मी म्हणत नाही. मी दुधाची गाडी चालवतो, रोज सकाळी उल्कानच्या दारात थांबायचो. जे पाहिलं, त्यावर हालेलूया म्हणायला माझी जीभ वळत नाही.

उल्कान आमच्यातली, ईसा मसीहाला मानणारी. बिश्केकपासून लांबच्या तिच्या मुसलमान गावात ती एकटीच. नवरा कामासाठी मॉस्कोला गेला तो गेलाच, तिकडेच दुसरा संसार थाटला त्याने. मागे राहिली सासू तोक्तोबुबू, कमरेखाली लुळी आणि जिभेने धडधाकट. उल्कान तिचं हगणं-मुतणं काढायची, रोज पाय धुवायची आणि बदल्यात शिव्या खायची.

त्या गावात म्हातारी बाई आपल्या शेवटच्या प्रवासाचा बुरणूस जिवंतपणीच करून घेते. पांढऱ्या लोकरीचं जाड, न विणलेलं कांबळं. त्यात गुंडाळूनच तिला घराबाहेर काढतात. आणि बुरणूस एकट्यादुकट्याचं काम नव्हे. लोकर चटईवर पसरायची, उकळतं पाणी ओतायचं, गुंडाळी करायची आणि आठ-दहा बायकांनी ती कोपरांनी दाबत लाटत राहायची. दाब कमी पडला तर लोकर धरत नाही, उचलताच फाटते. उन्हाळ्यात बायका पाळीपाळीने एकमेकींच्या अंगणात जमतात. उल्कानने बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं आणि तिच्या अंगणाची पाळी कधी आलीच नाही.

शेजारची रापिया एकदा कुंपणाशी आली. "मुल्लासमोर जा, चुकले म्हण. एवढंच. उद्या सकाळी बायका घेऊन येते, संध्याकाळी तुझ्या सासूचा बुरणूस वाळत पडलेला असेल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर पाठव तिला चादरीत. लोक विचारतीलच, सून कोण होती म्हणून."

म्हातारीने नेमका याचाच धसका घेतला होता. मेल्यावर चादरीत जायचं, भिकारणीसारखं! उठता-बसता तिचं तेच.

उल्कानने एकटीने करून पाहिला. पहिला फाटला. दुसराही फाटला. गुंडाळी गाडीला बांधून ओढू का, असं मी विचारलं. म्हणाली, "दादा, तुमच्या गाडीत दुधाचं ताक होतं, लोकरीचं काय होईल?"

खिडकीतून म्हातारी ओरडायची, "बोलव की तुझ्या ईसाला. म्हणावं, खाली ये आणि टेक दोन कोपरं."

"तो सुतार होता, आपा. लोकरीतलं त्याला काय कळतंय?"

"आणि तुला कळतंय होय? माझं मढं दारात आलंय, नि हिला थट्टा सुचतेय."

तिसरा फाटला त्या सकाळी मी पोचलो, तर उल्कान ओल्या लोकरीत बसली होती. कोपरांची सालटी निघालेली. शेजारी कपड्यांची पिशवी.

"मला गाडीत घ्या. बिश्केकला बहिणीकडे जाते."

"प्रार्थना केलीस?"

"केली. शब्दच सुचेनात. संपले मी, एवढंच म्हणता आलं."

"मग?"

"मग काय? कोंबडी ओरडली. दुसरं काही नाही."

मी पिशवी उचलून गाडीत ठेवली. तिने यावं असंच मला वाटत होतं. माणसाने किती सोसायचं, यालाही काही सीमा असते. तेवढ्यात आतून हाक आली, पाय गार पडलेत, पाणी आण. उल्कान सवयीने उठली. बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना, म्हणून मी आत डोकावलो. ती सासूचे पाय धूत होती आणि रडत होती.

"ईसाने त्याला धरून देणाऱ्या शिष्याचेही पाय धुतले होते, दादा," ती मान वर न करता म्हणाली. "ठाऊक असून धुतले. माझ्या रोज मनात येतं, धुताना त्याचे हात थरथरले असतील का?"

मी पाण्याचं भांडं तिच्याजवळ सरकवलं.

"पिशवी उतरवून ठेवा," ती म्हणाली. "आणि निघा. दूध नासेल."

"कोणी कोणाला धरून दिलं?" म्हातारी खेकसली. "रडतेस काय? उचल मला, बाहेर ने. माझे पाय मेलेत, हात नाही मेले."

पुढचे काही दिवस मी रोज तेच बघत होतो. चटईच्या एका टोकाला सून गुडघ्यांवर, दुसऱ्या टोकाला सासू पालथी, आणि दोघींची कोपरं गुंडाळीवर. पाणी ओतायचं, लाटायचं, थकलं की थांबायचं, पुन्हा ओतायचं. शिव्या चालूच. चौथा बुरणूस फाटला नाही. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, पण अखंड. म्हातारीने त्यावर हात फिरवला.

"वाकडा झालाय," ती म्हणाली. मग कुंपणाकडे तोंड करून ओरडली, "रापिया, ऐकतेस ना? यातच न्यायचं मला."

पहिलं बर्फ पडलं आणि म्हातारी गेली. सगळं गाव लोटलं. अंगणात तंबू उभारून तिला आत ठेवलं. बायकांनी उल्कानला जवळ जाऊ दिलं नाही. आंघोळ घालू दिली नाही, गळा काढून रडू दिलं नाही. तिचं रडणं म्हणे म्हातारीच्या वाटेत आडवं येईल. उल्कान बुरणूस घेऊन आली, तर रापियाने तो दोन बोटांनी उचलला आणि बाहेर बर्फात भिरकावला. तोक्तोबुबू निघाली ती रापियाच्या घरच्या, कसर लागलेल्या बुरणुसात. पुरुष तिला घेऊन गेले. मला खांदा देऊ दिला नाही, मी अंगणातच उभा राहिलो. त्या दिवशी माझ्या मनात काय काय आलं ते मी बैठकीतही सांगितलेलं नाही.

बायका रिवाजाप्रमाणे तंबूत रडत मागे राहिल्या. खालची जमीन गोठलेली. त्या उकिडव्या बसलेल्या, गारठ्याने सूर तुटत होता. उल्कानने बुरणूस उचलला, झटकला, आत नेला आणि त्यांच्या पायाशी अंथरला. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने एक त्यावर सरकली, मग दुसरी. शेवटी रापियाही. त्यावर ऐसपैस बसून, उल्कानकडे पाठ करून, त्या तिच्या सासूसाठी धाय मोकलून रडल्या.

उल्कान बाहेर येऊन त्यांच्या चहाचं बघू लागली.

"हलकट आहेत गं या बायका," मी म्हणालो.

"आहेतच," ती म्हणाली. "पण जमीन गार होती, दादा."

तिने किटली उचलली. तिचे हात थरथरत होते.