जवारीवरची पाखरं आणि बसवप्रभु सर

बसवप्रभु सर आमच्या चिटगुप्प्याच्या कॉलेजात खेळ शिकवतात. स्वस्थ बसलेलं माणूस त्यांना पाहवत नाही. बस थांब्यावरसुद्धा ते लोकांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करतात. अशा माणसाच्या हाती प्राचार्यांनी मुलांचा परीक्षेचा ताण घालवणारा व्हीआर चष्मा दिला. तो डोळ्यांवर चढवला की चहूकडे उंच गवत, पाखरांची किलबिल आणि 'हळू श्वास घ्या' म्हणणारा एक आवाज. सरांना तो आवाज मिळमिळीत वाटला. तो बंद करून ते शिट्टीवर श्वास घ्यायला लावत. विश्रांती संपली की मुलं धापा टाकत बाहेर पडत.

हा खटाटोप मुख्यतः रेणुकासाठी होता. निंबर्ग्याची, शेतात पाखरं राखत वाढलेली ही मुलगी मामाकडे राहून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, शिकत होती. मी शिकवतो त्या अकाउंटन्सीत हुशार, पण प्रश्नपत्रिका हाती आली की तिचे हात गार पडत आणि ती कोरा पेपर ठेवून निघून जाई. सराव परीक्षेत तेच झालं. मार्चच्या मुख्य परीक्षेतही अशीच उठून गेली असती तर वर्ष गेलंच असतं.

चष्मा लावून रेणुकाने चहूकडे मान फिरवली. मग ताडकन उठली आणि गोफणीसारखी ओढणी फिरवत आरोळ्या ठोकू लागली. सरांची टोपी खिडकीबाहेर गेली. सरांनी 'खाली बस' म्हणून शिट्ट्या फुंकल्या.

"पाखरं जवारीवर पडायलेत सर, अन् मी गप बसू कामून?"

ते गवत आहे, असं सरांनी समजावलं. गवतावर इतकी पाखरं कशाला येतील, असं तिने विचारलं. सरांना ते पटलं. त्यांनी चष्मा स्वतः लावून पाहिला.

"अगं, विहिरीच्या अंगालाबी हायेत की!"

मग दोघांनी मिळून राखण केली. पाखरू एकही उडालं नाही, पण रेणुकाचे हात चांगले गरम झाले.

परीक्षा केंद्रात चष्मा नेता येत नाही. म्हणून मार्चमध्ये अकाउंटन्सीच्या पेपराला सरांनी तिला फाटकाबाहेरच डोळे मिटायला लावले आणि दोघं पाखरांवर ओरडू लागले. बंदोबस्तावरचा पोलीस चौकशीला आला, तर सरांनी त्याला बांधाकडची बाजू सांभाळायला सांगितली.

शेवटची घंटा झाल्यावरच रेणुका बाहेर आली. पेपर कसा गेला, मी विचारलं.

"ताळेबंद जुळला न्हाई सर. पण उठले न्हाई."

किती रकमेचा फरक आला, हे मी विचारेपर्यंत बसवप्रभु सर पेढे आणायला निघून गेले होते.